नवं करून दिलेलं घड्याळ

भगवंत मेहरेला इंग्रजी वाचता येत नाही. तरी 'स्विस मेड' ही अक्षरं त्यानं आयुष्यात काही हजार वेळा लिहिली असतील, तीही तांदळाच्या दाण्यावर मावतील एवढी. डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना. डोळ्याला भिंग, हातात खारीच्या शेपटीच्या तीन केसांचा ब्रश आणि श्वास रोखलेला. "वाचाले कायले येवा लागते, भाऊ? चित्र हाये ते. मोर काढनाऱ्याले मोराची भाषा येते का?" असं तो म्हणायचा.

आता म्हणत नाही. आता तो एकूणच कमी बोलतो, आणि त्याला गप्प करण्यात माझा हात आहे. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून काही सुधारणार नाही हे मला ठाऊक आहे.

माझं अमरावतीत कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, फवारणीची औषधं, पंप. दिवसभर शेतकऱ्यांना बोंडअळीचं औषध समजावून सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन जुनी स्विस घड्याळं मऊ फडक्यानं पुसायची, असा माझा पंचवीस वर्षांचा क्रम. या छंदाबद्दल मला फार आदरानं बोलता येत नाही. आम्ही शौकीन लोक दुसऱ्याच्या बापाचं घड्याळ मनगटावर बांधतो आणि आपणच खानदानी असल्यासारखे फिरतो. कुणी वारलं की त्या घरी भेटायला जाताना आमची नजर कपाटाकडे जाते. माझी गेलेली आहे. असो.

भगवंत मूळचा अंजनगाव सुर्जीचा, माळ्याच्या घरातला. घरी पानमळा आणि भाजीपाला. त्याचे भाऊ वाफ्यात राबायचे आणि हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवत हिंडायचा. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या घडीसाजानं त्याचा हात पाहिला आणि त्याला सोबत नेलं. ट्रॉलीवरून तो डायलवर आला. हातभर अक्षरं लिहिणारा माणूस कुसळाएवढी अक्षरं लिहायला लागला. म्हातारा गेल्यावर अकोल्यातच कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यानं स्वतःचं काचेचं काउंटर टाकलं. आज त्याचं वय बहात्तर आहे आणि ते काउंटर अजून तिथंच आहे.

त्याच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जुन्या घड्याळाची डायल काळानं पिवळी पडते, तिच्यावर ठिपके येतात, घाम शिरून कडा करपतात. भगवंत ती डायल सुटी करायचा, आकड्यांसकट सगळा जुना रंग खरवडून काढायचा, बारीक कागदानं घासून धातू उघडा करायचा आणि त्यावर नवा रंग मारायचा. मग नाव, आकडे, रेघा, सगळं हातानं. काढलेल्या डायलचा आधी वहीत नकाशा करून ठेवायचा, आणि त्या नकाशावरून लिहिलेलं नाव मूळ नावाच्या केसभरही इकडे-तिकडे होत नसे. लग्नसराईच्या आधी त्याच्याकडे रांग लागायची. पोराच्या लग्नात बापाचं घड्याळ नवं करून हातात बांधायचं, ही आमच्याकडची हौस. आम्हा वऱ्हाडी माणसांचा जीव एखाद्या वस्तूवर जडला की आम्ही रंगाचा डबाच उघडतो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, दिवाळीला लोखंडी कपाटाला ऑइलपेंट मारतो, आणि मारुतीला तर शेंदूर फासून फासून त्याचे नाकडोळे कुठं होते तेही विसरून जातो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि भगवंतालाही कधी वाटलं नाही.

त्याची स्वतःची अकरा घड्याळं होती. कुणी मोडीत टाकलेली, कुणी कंटाळून विकलेली. ओमेगा, टिसो, रोमर, वेस्ट एंड. वर्षानुवर्षं एकेक करून त्यानं ती जिवंत केली आणि प्रत्येकाची डायल जीव ओतून रंगवली. स्टीलच्या डब्यात मखमलीच्या तुकड्यावर ती ओळीनं ठेवलेली असत. रोज सकाळी आंघोळ झाली की देवपूजेच्या आधी अकराही घड्याळांना चावी. त्याची बायको जयवंता चहा ठेवता ठेवता टोमणा मारायची, "त्या डब्यात माई सवत हाये, भाऊ. अकरा तोंडाची."

आता माझी लबाडी सांगतो. भगवंताच्या हातची सात घड्याळं माझ्याकडे होती. दहा-बारा वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर जगभरच्या शौकिनांचं वाचायला लागलो आणि मला कळलं, की रंगवलेल्या डायलला त्या दुनियेत किंमत नाही. किंमत आहे ती मुळच्या डायलला. पिवळी असो, डागाळलेली असो, पण कारखान्यातून आली तशी आणि माणसाच्या हातावर म्हातारी झालेली. ती खरवडली की घड्याळ मेलं, असंच ते लोक बोलतात. मी काय केलं? ती सातही घड्याळं गुपचूप विकून टाकली आणि भगवंताला एका अक्षरानं सांगितलं नाही. त्याच्याकडे जात राहिलो, चहा पीत राहिलो, नव्या डायलवर भिंग धरून वा वा करत राहिलो. याला कुणी भिडस्तपणा म्हणेल. मी भित्रेपणा म्हणतो.

गेल्या जानेवारीत अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही शौकिनांचा मेळावा भरवला. पुण्याहून सागर नावाचा एक तरुण जाणकार येणार होता. आणि मी भगवंताला बोलावलं. काहून बोलावलं, असं मी स्वतःला तेव्हापासून विचारतो आहे. पुण्याच्या माणसाला आपल्या मुलखातला कारागीर दाखवायची खुमखुमी होती, हे खरं. आणि जे मला दहा वर्षं बोलता आलं नाही ते परस्पर दुसऱ्या कुणी बोलावं, हेही कुठंतरी मनात असणार.

भगवंत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला होता. अकोल्यापासून एसटीत त्यानं तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

सागरनं पहिलं घड्याळ उचललं, भिंगातून पाहिलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. तिसरं उचललं. चौथ्याला त्यानं हातच लावला नाही.

"काका, मशीन सगळी छान ठेवली आहेत तुम्ही," तो म्हणाला. "पण डायल सगळ्या रंगवलेल्या आहेत. कुणी केलं हे?"

"मीच केलं!" भगवंत म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुलला होता, की मी नजर टेबलाकडे वळवली.

सागर वाईट मुलगा नाही. त्यानं खुर्ची ओढून भगवंताला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. डायल तपकिरी झाली होती, कडेला बुरशीसारखे ठिपके. "हे बघा. सत्तर वर्षांत याला कुणी हात लावलेला नाही."

भगवंतानं भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग मोकळ्या मनानं म्हणाला, "हे तर मी दोन दिवसात नवं करून देतो तुमाले. तुमच्याकून का पैसे घेनार?"

आजूबाजूचे हसले. सागर हसला नाही. "तेच तर नको असतं, काका. हे ठिपके म्हणजे या घड्याळाचं आयुष्य. एकदा खरवडलं की गेलं. ते परत येत नाही."

भगवंतानं त्याचं घड्याळ जपून परत दिलं, आपली अकरा डब्यात एकेक करून ठेवली आणि झाकण लावलं. त्यानंतर जेवणाच्या रांगेत तो उभा राहिला, वरण-भात घेतला आणि ताट तसंच ठेवून दिलं.

दुपारी मी त्याला माझ्या गाडीनं अकोल्याला सोडायला निघालो. लाजेनं निघालो, दुसरं कारण नाही. मूर्तिजापूरपर्यंत डबा त्याच्या मांडीवरच होता. तिथं चहाला थांबलो, तेव्हा कप हातात धरून म्हणाला, "भाऊ, तुमाले मालूम होतं ना हे?"

"होतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कप टपरीच्या फळीवर ठेवला. मग एकदम म्हणाला, "मंग चंद्रभानजी याच्याचमुळं परत आले नसतीन."

चंद्रभान बेलसरे हे नाव मी त्याच्या तोंडून आधीही ऐकलं होतं. वरूडचे संत्र्याचे बागायतदार. संत्र्याचा ट्रक घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे आणि माल उतरला की भगवंताच्या काउंटरवर येऊन बसायचे. भगवंताहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या हातात वडिलांचं ओमेगा होतं, एका चांगल्या बहाराच्या वर्षी नागपुरातून घेतलेलं. या दोघांना एकमेकांत काय सापडलं होतं कोण जाणे, पण पहिल्या तोड्याच्या संत्र्यांची एक पिशवी दरवर्षी जयवंताच्या हातात पडायची. पुढे चंद्रभानजींनी आपली लेक मैना बार्शीटाकळीला दिली, म्हणजे अकोल्यापासून हाकेच्या अंतरावर. मग तर येणं-जाणं आणखी वाढलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मैना तापानं गेली. साधा ताप होता म्हणतात.

त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे एक्क्याण्णव साली, चंद्रभानजी बंद पडलेलं ओमेगा घेऊन आले. डायलवर पिवळा डाग होता. ते म्हणाले, "मशीन चालू करून दे, भगवंता. डायलले हात नोको लावू."

"मी आयकलं नाही, भाऊ," भगवंत मूर्तिजापूरच्या त्या टपरीवर मला सांगत होता. "मले वाटलं, मानूस दुखात हाये, त्याचं कशात मन नाही. त्यात हातातली घडी अशी पिवळी. रोज पाहत असीन तिच्याकडं. मनलं, नवी करून देऊ. तेवढंच बरं वाटन त्याले. चार दिवस दुसरं काम नाही घेतलं मी. तशी डायल मी ना आधी केली, ना नंतर."

चंद्रभानजी आले. त्यांनी चष्मा लावला आणि घड्याळ हातात घेऊन पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मूठ मिटली आणि म्हणाले, "काम चांगलं केलं, भगवंता." जयवंतानं चहा पाठवला होता, तो न घेताच उठले. पुन्हा कधी आले नाहीत. पुढच्या बहाराला संत्री आली नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. भगवंतानं दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तेहतीस वर्षं तो विचार करत होता, की आपलं चुकलं काय. मजुरी घेतली नाही म्हणून मोठ्या माणसाला अपमान वाटला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"तो मुळचा रंग त्याईले पायजे होता. त्या पुण्याच्या पोरासारखा," तो म्हणाला. "माफी मागा लागते, भाऊ. मले वरूडले घेऊन चाला."

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मृग बहाराची तोड चालू होती. रस्त्यानं क्रेटनं भरलेले ट्रक, आणि बेलसऱ्यांच्या अंगणात संत्र्यांचा ढीग. मुलगा बागेत होता. घरात चंद्रभानजींच्या बायको, वच्छलाबाई, एकट्याच सुपात तूर निवडत बसल्या होत्या. चंद्रभानजींना जाऊन सहा वर्षं झाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं.

भगवंत ओट्यावरच बसला. "वहिनी, मी अकोल्याचा. भगवंत मेहरे. घडीवाला."

वच्छलाबाईंचे सुपावरचे हात थांबले. "तुमीच का ते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या उठून आत गेल्या आणि एक पितळी डबी घेऊन आल्या. डबीत हिरव्या बांगड्यांचा जोड होता आणि रुमालात बांधलेलं घड्याळ. "त्या दिसापासून त्याईनं हातात नाही घातली. पन चावी देत होते रोज. आता मी देतो."

मी पहिल्यांदाच ते पाहिलं. भगवंतानं सांगितलं ते खोटं नव्हतं. दुधासारखी डायल, बारा सोनेरी रेघा, आणि खाली ती चिमुकली अक्षरं, जणू कुणी श्वासानं लिहिलेली. त्या पुण्याच्या सागरनंही कदाचित दोनदा पाहिलं असतं.

"चुकलं माझं, वहिनी," भगवंत म्हणाला. "जुना रंग मी खरवडाले नव्हता पायजे. मले त्याची किंमत मालूम नव्हती."

"रंगाचं का करा लागते?" वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर मैनीचं बोट होतं."

भगवंताला समजलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, भाजी कशी केली ते सांगावं तसं. मैनाच्या हळदीच्या दिवशी सकाळी मांडवाची बल्ली उचलताना चंद्रभानजींच्या घड्याळाची काच निघून पडली. घरात कामाची धांदल, काच बसवायला वेळ कुणाला? घड्याळ तसंच उघडं हातात. दुपारी पोरीला हळद लागली. बाप समोरून जाताना तिनं हसत त्यांचा हात धरला, पूर्ण भरलेल्या हातानं. अंगठा डायलवर उमटला. तेलातली हळद, पुसायला गेले तर पसरेल म्हणून त्यांनी तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वरून काच बसवून घेतली.

"ती गेल्यावर फोटो होते घरात. लुगडे होते. पन हे तिच्या हातचं होतं ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "वावरात जावो, बाजारात जावो, ते घडी पाहत. टाइम नाही पाहत होते."

अंगणात कुणीतरी क्रेट आपटला. भगवंत दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता आणि त्या हातांकडे पाहत होता.

"मले काहून नाही शिव्या दिल्या त्याईनं?" तो म्हणाला. "दोन ठेवून द्याच्या होत्या."

"मी मनलं होतं. जा, भांडा त्याच्यासंग. तर मने, त्यानं जीव लावून केलं. त्याले काही बोलता येत नाही, अन् त्याच्या तोंडाकडंबी पाहता येत नाही. मून जात नाही मनत." वच्छलाबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं, पण त्यांचा हात तुरीत फिरला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताले सगळं येते, असं सांगत होते हे. पाह्यलं तसं काढते मने. मंग तो डाग काढून द्याल का मले? असा नाही, का तो तिचा होईन मून. मले समजते. पन ही पांढरी घडी आता पाहवत नाही."

भगवंतानं मान डोलावली. घड्याळ रुमालात बांधून घेतलं. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. वाटलं, याला करायला काहीतरी काम मिळालं, त्याचा जीव थोडा हलका होईल. मी किती कमी समजतो माणसांना.

तीन आठवड्यांनी अकोल्याला गेलो, तर काउंटर बंद. घरी गेलो. जयवंतानं दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. टेबलावर वाटीत तेलात कालवलेली हळद होती. शेजारी त्याची अकरा घड्याळं, सगळ्यांच्या काचा काढलेल्या. आणि प्रत्येकाच्या डायलवर एक पिवळा ठसा. कुठं तीनच्या आकड्याजवळ, कुठं चारच्या खाली, कुठं गोल, कुठं लांबट, कुठं अर्धवट पुसल्यासारखा. चाळीस वर्षं जपलेली ती घड्याळं, जिवापाड रंगवलेल्या त्या डायली, त्यानं सराव करायला वापरल्या होत्या. चंद्रभानजींचं घड्याळ मात्र बाजूला होतं, तसंच पांढरं.

"याईतला कोनता, भाऊ?" त्यानं मला विचारलं.

"मी कुठं पाहिला होता?"

"मी पाह्यला होता ना." तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "मले जगातल्या कोन्याबी डायलची रेघ दाखवा, दहा वर्सानं काढून देतो. हे मोठ्ठं इंग्रजी नाव एकदा पाह्यलं, का हातात बसते. अन् तो डाग चार दिवस माया डोळ्यासमोर होता, भिंगाखाली होता. वहीत नकाशा हाये त्या डायलचा. रेघा हायेत, आकडे हायेत. डाग नाही. मी डागाकडं पाह्यलंच नाही. साफ कराची घान मून पाह्यलं." त्यानं हळदीची वाटी बाजूला सारली. "पोरीचं बोट होतं, अन् मी कागदानं घासलं."

जयवंता दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. मी काय बोललो मला आठवत नाही. असल्या वेळी माणूस बोलतो ते सगळं फालतूच असतं.

तो म्हणाला, आपल्याला नाही आठवत, पण आईला आठवेल. वच्छलाबाईंना दाखवू. त्या ज्याला हो म्हणतील तसा डाग चंद्रभानजींच्या घड्याळावर काढू. एवढ्या एका आशेवर त्यानं डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि आम्ही पुन्हा वरूडला गेलो. तोड संपली होती, अंगण रिकामं होतं.

वच्छलाबाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली. भगवंतानं अकरा घड्याळं तिच्यावर ओळीनं मांडली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे तिरकं केलं, खाली ठेवलं. भगवंत त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. परीक्षेचा निकाल पाहणाऱ्या पोराचा चेहरा असा नसतो. अकरावं घड्याळ त्यांनी सगळ्यात जास्त वेळ धरलं, आणि मला वाटलं, हेच.

"याईत नाही," त्या म्हणाल्या.

"मंग कसा होता, वहिनी? गोल होता का? कोन्या बाजूले होता? तुमी सांगा, मी काढतो. इथंच बसून काढतो."

वच्छलाबाईंनी चष्मा काढला. "मलेबी याद नाही, भगवंतभाऊ. पिवळा होता, एवढंच. घडी त्याईच्या हातात राहे. मी कधी अशी धरून पाह्यलीच नाही. मले वाटलं, हाये तर हाये." त्यांनी सतरंजीवरची ओळ पुन्हा एकदा नजरेखालून घातली. "त्याईले पक्का याद होता. ते काढून दाखवत मले, चुलीपुढच्या राखेत. असा होता, मनत. मी मने, पुरे करा आता. पाहत नव्हती मी."

मग अकरावं घड्याळ त्यांनी परत हातात घेतलं. त्याच्यावरचं नाव, त्या सोनेरी रेघा, खालची बारीक अक्षरं निरखून पाहिली आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, निव्वळ माणुसकीनं, त्या म्हणाल्या, "पन काम चांगलं केलं तुमी."

भगवंत उठला. चंद्रभानजींचं घड्याळ त्यानं रुमालातून काढून, होतं तसं, बांगड्यांच्या डबीत ठेवलं. त्याला चावी द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. स्वतःची अकरा त्यानं गोळाही केली नाहीत. ती मी भरली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "चंद्रभानजी बी हेच मनले होते. असेच मनले होते." मोर्शी मागे पडलं. मग त्यानं मला विचारलं, "भाऊ, आठवड्याले तीन-चार डायली केल्या असतीन मी. चाळीस वर्सं. त्याईच्यावर कोनाचं का होतं, कोनाले इचारलं मी?"

मी गाडी चालवत राहिलो.